लेथची जाड मूठ

११ ऑगस्ट

मोहन माझ्या लेथवर बसून राहिला! गोहलपूरच्या आपल्या दुकानात, माझ्याच स्टुलावर! चार महिन्यांपूर्वी माझा उजवा हात मशीनच्या पट्ट्यात सापडला. बोटं वळतात, पण मूठ पुरी बंद होत नाही. तेवढ्यात गिऱ्हाइकं "मोहन भैया, मोहन भैया" करायला लागली. अरे, त्याला चावी धरायला मी शिकवलं! धाकटा भाऊ असला म्हणून काय झालं. जळतो मी. लिहून टाकलं.

१३ ऑगस्ट

व्यायाम करवणाऱ्या ज्योती मॅडमनं आज छापील फॉर्म दिला. हिंदीत, पण प्रश्न कोणत्या मुलखाचे देव जाणे. बरणीचं घट्ट झाकण उघडताना त्रास होतो? अंथरूण घालताना? स्वयंपाक करताना? टेनिस खेळताना — टेनिस! हे मी कधी केलं? घरातलं सगळं विनता करते. लिहिलं — त्रास नाही, त्रास नाही, त्रास नाही. पटापट!

मॅडम खूश. "बहुत सुधार है, दिवाकर जी! अब एक बार और आइए, बस." चलो! आता लेथ माझी. बघतोच मोहनला.

१४ ऑगस्ट

विनता हसली नाही. "मॅडमनं दिलेला जाड दांड्याचा चमचा, त्यानंच जेवता न तुम्ही? साधा चमचा हातात राहत नाही, पोळीचा तुकडा मोडत नाही. ते काहून नाही लिहिलं?"

विचारलंच नाही, तर लिहू कुठं! बायकोसुद्धा मोहनच्याच बाजूची.

१८ ऑगस्ट

हद्द झाली! लेथच्या हँडलची जुनी मूठ काढून मोहननं लाकडाची जाडजूड मूठ ठोकली. मला न विचारता! बारा वर्षं माझ्या हातानं गुळगुळीत झालेली मूठ होती ती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "झाला न शेवटी मालक?" तो खाली मान घालून काम करत राहिला. तळहाताला फडकं बांधलेलं. असू दे. मी त्या मुठीला हातही लावला नाही.

२१ ऑगस्ट

मॅडमकडं आज नवा कागद, हातानं लिहिलेला. पोळी मोडता येते? पायजम्याची नाडी बांधता येते? लेथचं हँडल धरून फिरवता येतं? खोटं कसं बोलू! सगळीकडं 'फार त्रास'. आणखी तीन महिने व्यायाम.

"ये सवाल किसने बताए?"

"आपके भाई आए थे. बोले, भैया ने जो काम कभी किए ही नहीं, उनमें तकलीफ कैसे लिखते?"

चुगलखोर! म्हणजे आणखी तीन महिने लेथ त्याची. घरी येईपर्यंत शिव्या घातल्या त्याला.

२२ ऑगस्ट

मोहन जेवायला गेला तेव्हा ती मूठ धरली. माझी बोटं जिथवर वळतात, बरोब्बर तेवढीच जाड. हँडल फिरलं! मोहनच्या हाताला ती बसतच नाही — म्हणून त्या फडक्याखाली फोड.