न धरलेला महिना

पौष वद्य ५, शके १८६४. बेंबळी

चंद्री व्याली! तीही ओढ्याकाठी, उघड्यावर. मामंजींच्या पंचांगात तिची वेळ अजून महिनाभर लांब होती, म्हणून तिला चरायला सोडलेलं. गोरोबा गुराखी खोंड खांद्यावर टाकून आला, मागून चंद्री हंबरत. मामंजी पंचांग घेऊन ओट्यावर बसलेले. "वैशाखात, आखितीला वळू दावला व्हता. साडेनऊ महिने माघ वद्यात भरत्यात. गायच आगाऊ हाय!"

यंदा ज्येष्ठ दोनदा आला, आधी अधिक मग निज. तो अधिक, म्हणजे धोंड्याचा महिना, मामंजी धरतच नाहीत. "धोंड्यात कुणी लगीन धरतं का? मग पोट कसं धरायचं?"

गोरोबा म्हणाला, "मालक, गाईला पंचांग वाचता येत न्हाय." त्याला आज ताक मिळालं नाही.

मी हसले नाही. मलाही त्याच हिशेबात घातलंय. मला नववा सरत आलाय. घराच्या हिशेबानं आठवा. पहिलं बाळंतपण माहेरी, येडशीला, असं ठरलेलं. पण सासूबाई म्हणतात, "वेतं उरकू दे, मग गाडी जुंपू." गोठ्यात वेताला आलेल्या गायी तीन. चौथी मी.

पौष वद्य ७

खोंड आठव्या महिन्यातलं ठरलं. म्हणून घोंगडीत गुंडाळून शेगडीजवळ ठेवलंय. सासूबाई आईचं पहिलं दूध, चीक, त्याला बोटानं चाटवतात. दुपारी त्यानं शेगडी उलथवली, उंबरा ओलांडला आणि थेट चंद्रीच्या आचळाला जाऊन लागलं. मामंजी म्हणाले, "कच्चं हाय, पण गुणाचं हाय."

पौष वद्य ९

सकाळपासून तांबडी उठबस करत होती. मामंजींचं निदान — पोटशूळ! हिचाही महिना बाकी ना. बांबूच्या नळीतून ओव्याचा काढा पाजायला बसले. मी मागून जाऊन पाहिलं तर खूर बाहेर! तोही एकच. दुसरा पाय आत मुडपलेला.

ओरडले, "मामंजी, खूर दिसतोय!"

"तू आत जा. पोटुशीनं बघू न्हाय." आणि उरलेला काढा पाजला.

शेवटी गोरोबानंच कोपरापर्यंत तेल लावून हात घातला, पाय सरळ केला. दोघांनी मिळून ओढलं. कालवड. पण श्वास नाही! गोरोबानं तिच्या तोंडातली घाण काढली, नाकात गवताची काडी फिरवली, आणि ती शिंकली. मी घळाघळा रडले. आणखी थोडा वेळ काढा चालला असता तर मायलेकी दोघी गेल्या असत्या.

यांना म्हटलं, मला आजच येडशीला पोचवा, मला भीती वाटते. हे म्हणाले, "बाबा म्हणत्यात, अजून लई वेळ हाय." यांच्या वाट्याचा सगळा विचार बाबा करतात. यांना तेवढीच विश्रांती.

पौष वद्य १२

मोरीही व्याली. खोंड. तीन गायी, तिन्ही बरोबर एक महिना आगाऊ! मामंजी म्हणतात वळूतच खोट आहे. उद्या वळूच्या मालकाशी भांडायला जाणार.

पौष अमावस्या

कंबर धरलीय. सासूबाईंनी ओव्याचा काढा दिला.

माघ शुद्ध ७

मुलगी झाली. प्रतिपदेला, इथंच. गोरोबाच्या बायकोनं सोडवलं. किती वेळ लागला ते लिहीत नाही.

पोर अशी की बघत राहावं! नखं बोटांच्या बाहेर, डोकंभर जावळ. रडली की गोठ्यातली वासरं कान टवकारतात. पण घरात कुणी गूळ वाटला नाही. आठव्यातलं मूल जगत नाही म्हणतात. सासूबाई तिला जीव लावून न्हाऊ घालतात, मला शेक देतात. पाळणा मात्र माळ्यावरच. "नाव ठिवलं की माया बसती गं. मग उठून गेलं तर?" एवढं बोलून पदरानं डोळे पुसतात. त्यांची दोन गेलीत. आता मी चिडू तरी कुणावर!

तिन्ही वासरं गोठाभर उड्या मारायला लागली, म्हणून त्यांना नावं मिळाली. माझीनंही उड्या मारेपर्यंत थांबायचं? तिला कुणीतरी हाक मारावी, बस. एवढंच हवंय मला.

माघ शुद्ध १०

परवा बारावा दिवस. बारशाचं नाव कुणी काढत नाही. हे म्हणाले, "बाबा म्हणत्यात—" मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

मामंजींपुढं तोंडानं सांगून उपयोग नाही. लिहिलेलं मात्र ते मानतात. या घरात तिथ्या मांडलेला पंचांगाशिवाय दुसरा कागद एकच — ही वही, सरकीच्या पोत्यात लपवलेली. तीन गायी, तीन तिथ्या, तीन धडधाकट वासरं, सगळं ओळीनं आहे.

पण त्यांच्याबद्दल जे जे लिहिलंय तेही ओळीनंच आहे! काढा, वळू, यांची विश्रांती... अरे देवा. तेवढं फाडावं म्हटलं तर तिथ्याही त्याच पानांवर.

तशीच देते.

माघ शुद्ध ११

म्या लिंबाजी. सूनबाईची वही वाचली. दोनदा. काढ्याचं पान तीनदा. वळूच्या मालकाची माफी मागून आलो. धोंडा धरला. पाळणा उद्या.

नातीचं नाव काय ठिवायचं ते खाली लिव. जागा सोडली हाय.