डाव्या चाकाला दोन बोटं जागा

३ नोव्हेंबर, सोमवार

काल हे हो म्हणाले. जूनमध्ये लकवा मारला, त्यानंतर पहिल्यांदाच. "माह्या गाडीत नेशीन त येतो अकोल्याले. दुसऱ्या कोनाच्या गाडीत बसत नाई." मी तेवढ्यावरच खूश.

अकोल्याच्या दवाखान्यातली व्यायामवाली मॅडम पहिल्यापासून सांगते आहे, डावा हात अजून उठू शकतो, दर गुरुवारी आणा. सहा महिने गेल्यावर फार आशा ठेवू नका असंही म्हणाली. सहा महिने म्हणजे डिसेंबर. घरी आणल्यापासून एकदाही नेता आलं नाही.

आज शेडमधून अँबॅसडर काढली. ह्यांनी सत्तावीस वर्षं भाड्यानं चालवलेली. उभी राहून टायर चिरले होते, नवे टाकले. जुन्या मापाचे मंगरूळात मिळाले नाहीत, किंचित रुंद आहेत. टायरवाल्या पोरानं गाडी बाहेर नेली तर गल्लीच्या तोंडावरच्या उंचवट्यावर मागून खर्रर्र आवाज आणि रबर जळल्याचा वास. डावं मागचं चाक. टायर आणि मडगार्डच्या कडेमध्ये माझं एक बोट जाईना. ब्लाउज मुंढ्यात दाटतो, अगदी तसं.

५ नोव्हें., बुध.

रऊफभाई आले. दर्ग्याच्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं काम, ह्यांच्या गाडीचा प्रत्येक पोचा त्यांनीच काढलेला. म्हणाले, "भाभी, टायर मोठा हाये. आतली किनार दाबून देतो, जागा होते."

लाकडाचा गुटका धरून हातोडा मारत होते. आत पलंगावर हे डोळे मिटून. दर ठोक्याला पापणी हलायची. जेवले नाहीत. मी म्हटलं, थोडं सोसा, तुमच्यासाठीच चाललंय. 

लग्नाचे चौदा ब्लाउज कापून पडलेत. हात लावला नाही.

८ नोव्हें., शनि.

रऊफभाईंनी गाडी बसस्टँडपर्यंत नेऊन आणली. आवाज नाही! मॅडमला फोन केला, गुरुवारी तेराला येतो. चित्राला अमरावतीला फोन केला, पोरगी रडली. मी पण. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "रिकामी नेली व्हती ना?"

हो, रिकामी. मग काय झालं?

९ नोव्हें., रवि.

तेच झालं. मी मागे डावीकडे बसले (ह्यांना तिथंच बसवावं लागेल, आमच्या गल्लीत उजवं दार भिंतीला लागतं), शेजारच्या काकू माझ्या बाजूला, चालवायला रऊफभाई. पहिल्याच उंचवट्याला खर्रर्र.

उतरले, मशीनवरची टेप आणली, गाडीचं माप घेतलं. दोन बोटं पत्रा कापला की झालं, असं मीच ठरवलं. रऊफभाई डोकं खाजवत राहिले. "सोच लो भाभी. शिवन उसवता येते, पतरा नाई उसवत."

मी म्हटलं, कापा. गुरुवार आहे.

११ नोव्हें., मंगळ.

कापला. ग्राइंडरच्या ठिणग्या, रंग जळल्याचा वास घरभर. काळ्या रंगाखालून आधीचा पांढरा निघाला, त्याखाली गंज. गोल सुरेख कमान होती मडगार्डाची. आता कुरतडल्यासारखी दिसते.

खिडकीतून ह्यांना दिसत होतं, मी पडदा ओढायला विसरले.

"कापली?"

"हो."

तोंड भिंतीकडे केलं.

१२ नोव्हें., बुध.

घासतं. अजूनही घासतं. काकूंकडची सोयाबीनची दोन पोती मागे डावीकडे टाकून पाहिलं. कडेला नाही, आता आत, वर घासतं. कापलेल्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

माप घेतलं तेव्हा गाडी रिकामी उभी होती. तीस वर्षं शिवते आहे मी! बाईला खाली बसवून, हात वर करायला लावून माप घेते, कारण उभ्या माणसाचं माप आणि बसलेल्याचं माप एक नसतं. दुकानात शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी हेच सांगते. आणि गाडीचं माप मी रिकाम्या गाडीवर घेतलं, आम्ही दोघी उतरल्यावर. ह्यांनी शनिवारी विचारलं होतं, तेही ऐकलं नाही. उतावीळ बाई.

मॅडमला कळवलं, उद्या येत नाही. ती "बरं" म्हणाली. नुसतं बरं.

१५ नोव्हें., शनि.

लिहावंसं वाटत नाही.

सकाळी हाताला तेल लावताना मूठ उघडेना. एकेक बोट सोडवावं लागलं. मागच्या महिन्यात अंगठा आपोआप हलायचा, आता तोही नाही. हे छताकडे बघत. "नको वं त्रास देऊ मले. तू बी थकली."

मी वाटी आपटली. म्हटलं, मरायचंच असेल तर तसं सांगा, मी उगाच लोकांच्या पाया पडत फिरते. असं बोलले मी. बोलून मोरीत जाऊन बसले.

मी वाटी आपटलेली त्यांनी इतक्या वर्षांत कधी सहन केली नसती. आज काही म्हणाले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसरी गाडी सांगू का, म्हणून पुन्हा विचारून पाहिलं. नाही म्हणजे नाही.

१८ नोव्हें., मंगळ.

आज कळलं ते कसं लिहू.

रऊफभाई स्वतःहून आले. पाच-सहा दिवस झोप नाही म्हणाले, पत्रा फुकट कापला म्हणून. "मी वरचं काम करनारा मानूस. खालची पाट्याची कमान भाऊ कोनालेच हात लावू देत नव्हते, म्हनून मी बी पाह्यली नाई." गाडी जॅकवर घेतली, खाली सरकले.  मग म्हणाले, भाभी, उजेडाला बॅटरी घेऊन या.

चाकावर वजन पेलणारे कमानीचे पाटे असतात, एकावर एक रचलेले. डाव्या कमानीतला वरून दुसरा पाटा तुटलेला. माणूस बसला की गाडी तिकडून खाली बसायची, म्हणून टायर घासायचा. टायरचा दोष नव्हता. पत्र्याचा तर नव्हताच.

तुटलेल्या जागी तार गुंडाळलेली. बारीक, एकसारखे वेढे, टोक आत खोचलेलं. तारेवर गंज.

रऊफभाई माझ्याकडे बघेनात. "हे तार भाऊनंच बांधेल हाये. आजारी पडाच्या आंधी. दुसऱ्या कोनाचा हात नाई हा."

मला सांगायची गरज नव्हती. पायजम्याच्या नाड्या पण हे अशाच बांधायचे.

मी आत गेले.

"पाटा तुटलेला तुमाले मालूम होता?"

"होता."

"सांगतलं काहून नाई? म्या हातोडे मारून घेतले, पतरा कापून घेतला. तुमी पडल्या पडल्या आयकत राह्यले."

 बोलले, जिभेनं साथ दिली तसं, तुकड्या तुकड्यानं.

"गाडी बनली असती त जा लागलं असतं."

"मंग जाऊ ना! त्याच्यासाठीच त—"

"आन ते मॅडम म्हनली, नाई होत आता. मंग? मंग मी काय करू सांग. इथं पडून हाये तोवर वाटते, गेलो त उठीन. जाऊन आलो का तेही नाई राह्यनार."

माझ्या गाडीत नेशील तर येतो. ती गाडी जाणार नाही हे माहीत असूनच म्हणाले होते. मी दोन तारखेला मारुतीला नारळ फोडला होता त्या हो-वर.

२० नोव्हें., गुरु.

अजून एक गुरुवार गेला. घरात दोघं, बोलणं नाही. जेवण भरवते, तोंड पुसते, कूस बदलते. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

नऊ ब्लाउज पुरे केले. एकाची बाही उलटी लावली, उसवली.

चित्राला काही सांगितलं नाही. काय सांगू, बाप घाबरलाय? तिच्या बापाला कोणी घाबरलेलं पाहिलेलं नाही. मी पण नव्हतं पाहिलं.

मला माझीच चीड येते. पाच महिने मी फक्त त्यांचा हात पाहिला.

२४ नोव्हें., सोम.

रऊफभाईंनी वाशिमहून जुन्या गाडीचा पाटा आणला. दोन्ही बाजू सारख्या करून बसवल्या. ह्या वेळी आधी तीन पोती टाकली, काकूंना आणि मला बसवलं, मग टेप लावली. भरल्या गाडीला दोन बोटं जागा, वर थोडी जास्तच. पाच वेळा त्या उंचवट्यावरून गेलो. काही नाही. काकूंनी टाळी वाजवली, मला हसू आलं नाही.

कापलेली कड तशीच, हाताला लागते. रऊफभाई म्हणाले, पट्टी वेल्ड करून देतो, पैले जाऊन या.

२६ नोव्हें., बुध.

संध्याकाळी पलंगाशी बसून सांगितलं. गाडी झाली. उद्या गुरुवार आहे. मॅडमला मी विचारलंय, ती खोटं बोलणार नाही म्हणाली, जे असेल ते सांगेल.

हे म्हणाले, "मंग तू जाऊन इचारून ये."

म्हटलं, मी एकटी जाऊन काय विचारू, हात तुमचा आहे. आणि मी पण घाबरलेय. असं मी पहिल्यांदाच बोलले त्यांच्याशी. जूनपासून मी नुसती "होईल, होईल" म्हणत होते.

त्यांनी उजव्या हातानं माझं मनगट धरलं. घट्ट. "हो" म्हणाले नाहीत, "नाही" पण म्हणाले नाहीत.

२७ नोव्हें., गुरु. सकाळी आठ

रऊफभाई गाडी दारात लावून बसलेत, इंजिन चालू. डबा, पाण्याची बाटली, रिपोर्टची पिशवी मागच्या सीटवर ठेवून आले.

ह्यांना अंघोळ घातली, पांढरा शर्ट घातला. डावी बाही घालताना हात लाकडासारखा. पलंगाच्या काठावर बसवलं, उजव्या पायात चप्पल सरकवली. डावी घालायला वाकले तर म्हणाले, "थांब."

थांबले. हे दाराकडे बघताहेत. म्हटलं, रऊफभाईंना बंद करायला सांगू का इंजिन?

मान हलवली नाही. तशी पाच मिनिटं झाली. मी मशीनपाशी बसून हे लिहिते आहे, डावी चप्पल मांडीवर.