पेटीवरचं ओलं गोणपाट

सोमवार, ६ एप्रिल १९९८

जमलं! काजूच्या भट्टीत तापमानाची तार बसवली. तिचं दुसरं टोक माझ्या पेटीत, पेटीतून पीएलसीला, म्हणजे हीटर चालवणाऱ्या यंत्राला. तारेतला इशारा इतका बारीक की पीएलसीला कळतच नाही. माझी पेटी तो वाढवून देते – एक आयसी, चार रेझिस्टर, फिरवायचा एक स्क्रू. सकाळी आठला थर्मामीटर लावून आकडा जुळवला. सत्तर म्हणजे सत्तर! आता हीटर आपोआप चालू-बंद.

गोकुळदासबाब खूश. कारखाना त्यांचा, कौतुक माझं. भट्टीवाला जयराम मात्र लांबूनच बघत होता. बावीस वर्षं ही भट्टी त्याच्या तळहातावर चालली – दाराला हात लावायचा आणि सांगायचा, "आतां काडा."

बुधवार, ८ एप्रिल

दुपारची खेप करपली. गर तांबडे! पीएलसीच्या पडद्यावर सत्तरच होते, मी स्वतः पाहिले. सकाळची खेप मात्र सुरेख.

दुपारी भट्टीपाशी कोण असतं? जयराम.

गुरुवार, ९ एप्रिल

पुन्हा तेच. आणि आज हा माझ्या पेटीवर हात ठेवून उभा! काय करतोस म्हटलं, तर म्हणतो, "रुद्रेशा, तुज्या पेटयेक दनपारां ताप येता मरे." दुपारी म्हणे पेटीला ताप येतो! सगळ्यांसमोर! त्याची बायको शेवंती गरांची साल काढायला बसते. ती पदराआड हसली. माझी टर उडवतात दोघं.

शुक्रवार, १० एप्रिल

गुड फ्रायडे. सुट्टी. घरी आकृती तीनदा तपासली. माझी चूक नाही.

बुधवार, १५ एप्रिल

सोमवारपासून एकही खेप करपली नाही. बाब म्हणाले, "जालें मरे बरें!" मला मात्र बरं वाटत नाही. मी काही बदललं नाही, मग बिघाड गेला कसा? करणाराच थांबला असणार. मी पाळत ठेवलीय हे ओळखलंय त्यानं.

शुक्रवार, १७ एप्रिल

पकडला! तीन वाजता अचानक गेलो, तर माझ्या पेटीवर ओलं गोणपाट! विजेच्या वस्तूवर पाणी! डोकंच फिरलं. जयराम म्हणत होता, "अरे, आयक तरी –" मी ऐकून घेतलं नाही. सरळ बाबांना बोलावलं.

बाबांनी मला विचारलं, "तुका खात्री आसा?"

"हो," म्हटलं.

जयराम चारच्या बसनं सुर्ल्याला घरी गेला. उद्यापासून येऊ नको म्हणून बाबांनी सांगितलंय. शेवंती मान खाली घालून साल काढत राहिली.

शनिवार, १८ एप्रिल

करपली. जयराम नसताना!

सोमवार, २० एप्रिल

तीन वाजता भट्टीत थर्मामीटर घातला – ब्याऐंशी. पडद्यावर सत्तर. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट माझ्या पेटीवर. हात लावला, चटका बसला.

ही तार नुसतं भट्टीचं तापमान सांगत नाही. तिच्या दोन टोकांतला फरक सांगते. आयटीआयत पहिल्याच वर्षी शिकवतात हे! मी आकडा जुळवला सकाळच्या गार पेटीवर. दुपारी पेटी तापली की फरक कमी, आकडा कमी, हीटर चालूच. जयरामला आयटीआय ठाऊक नाही. त्यानं हात लावून ओळखलं, मला सांगितलं, आणि मी ऐकेना म्हणून मुकाट्यानं पेटी गार ठेवली. त्या सुरेख खेपा त्याच्या होत्या.

लाज वाटते. उद्या बाबांना सांगतो.

मंगळवार, २१ एप्रिल

पेडण्याचा एक व्यापारी आला होता. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला – "हो आमचो इंजिनियर."

सांगितलं नाही.

बुधवार, २२ एप्रिल

अडीच वाजता इकडेतिकडे पाहिलं, तेच गोणपाट भिजवलं आणि पेटीवर घातलं. वळतो तो मागे शेवंती!

रागावली नाही. पुढे होऊन गोणपाट उचललं, घट्ट पिळलं, झटकलं आणि पेटीवर नीट पसरलं.

"ते पिळून घालताले," नवऱ्याचं नाव न घेता म्हणाली. "आंत थेंब पडचो न्हय म्हूण."