बेस गिटारचा दुसरा नॉब

मास्तर, तुमची बेस गिटार गेल्या मंगळवारपासून माझ्या घरी आहे. तुमची नात घेऊन आली. रिक्षातून उतरताना तिने ती गॅसच्या टाकीसारखी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, आणि मी दारातूनच ओरडत होतो की उंबऱ्याला दांडी लागेल, जपून. लागली नाही. उगाच ओरडायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे. तुम्ही गेलात तेव्हा ही पोरगी दुसरीत होती. आता शाळेत शिकवते आणि रविवारी चर्चचं गायकमंडळ सांभाळते, म्हणजे तुमचंच काम करते. माझी बोटं आखडल्यापासून दोन वर्षं आपल्याकडे बेस वाजवायला कोणी नाही. ती म्हणाली, "काका, या नाताळाला मी स्वतः वाजवणार आहे. आजोबांचीच." मला बरं वाटलं. मग तिने मोबाईलवरची यादी वाचून दाखवली. नवा पिकअप, आत बसवायचा प्रीअँप, नव्या तारा. "तुम्ही सांगाल ते पुण्याहून मागवते. आणि काका, हा दुसरा नॉब चालत नाही. नुसताच फिरतो. तोही बघा." मी बघतो म्हणालो. ती गेल्यावर आमची बायको म्हणाली, "तुमाला घाम का फुटलाय? शुगर उतरली का?" तिने दिलेली साखर मी खाल्ली. शुगर उतरली नव्हती. तो नॉब का चालत नाही हे जगात मला एकट्याला माहीत आहे. तुम्हालाही माहीत नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

हल्ली लोक मला या कामातला जाणकार समजतात. सातवी पास माणूस, जन्म विहिरीवरच्या जळलेल्या मोटरींत नवी तार भरण्यात गेला, पण राहुरीकडून, श्रीरामपूरकडून फोन येतात की कोणता पिकअप घ्यावा. राजूरच्या बाजूचे एक पाळक तर गिटार गोणपाटात गुंडाळून एसटीने आले होते. मी सगळ्यांना तेच सांगतो. आधी तारा बदला, वर्षानुवर्षं त्याच मेलेल्या तारा ठेवायच्या आणि दोष पिकअपला द्यायचा, असं चालतं. पिकअप म्हणजे शेवटी लोहचुंबक आणि त्याला गुंडाळलेली तांब्याची तार, वरची जाड तार हलली की तो ती हालचाल पकडतो. प्रीअँप हे आतलं छोटं सर्किट, ते पकडलेला आवाज वाढवतं, खालचा आणि चिरका आवाज वेगवेगळा कमीजास्त करू देतं, पण त्याला सेल लागतो. आणि सेलाची मला धास्ती आहे. एका लग्नात नवरी दारातून आत येत असताना माझा सेल संपला, तेव्हापासून दोन सेल माझ्या खिशात आणि तिसरा बायकोकडे. ती म्हणते, "लोकांच्या पर्समधी रुमाल आसतो, माझ्या पर्समधी ह्यांचा सेल." तुमच्या गिटारीत सेलाला जागाच नाही. पाठीमागून लाकूड पटाशीने कोरावं लागलं असतं. तरी खरं सांगतो, दोन दिवस मी प्रीअँप बसवायचाच असं ठरवून बसलो होतो. तो बसवला असता तर जुनी सगळी वायरिंग उपटून काढावी लागली असती, आणि तिच्याबरोबर मी केलेलं कामही कचऱ्यात गेलं असतं. कोणाला कळलंही नसतं. पटाशी लावली, पण हात चालला नाही.

तुमचा कान काय होता हे मला तुमच्या स्वयंपाकघरात कळलं. एका पावसाळ्यात गिटार मुकी झाली होती, पिकअपच्या आतली तार तुटली होती. नवा मुंबईहून यायला महिना लागणार. मी म्हणालो, मी भरतो, पाच हॉर्सपॉवरची मोटर भरतो, याला काय लागतं. जुन्या मीटरच्या कॉइलमधून केसाहून बारीक तार उतरवली. आधी किती वेढे होते ते मोजता आलं नव्हतं, म्हणून जागा गच्च भरेपर्यंत गुंडाळत गेलो. आमच्या धंद्यात तशीच शिकवण. खोबण गच्च भरायची, सैल राहिली तर तार आत हलते आणि मोटर जळते. धड अर्थिंग असलेला प्लग तुमच्या घरात फक्त ओट्याजवळ होता, म्हणून अँप्लिफायर फरशीवर ठेवला. तुमच्या घरच्या बाई भाकरी थापतायत. तुम्ही खिडकीशी मेथी निवडत बसला आहात. मी पहिली तार छेडतो आणि डबे थरथरतात. तुम्ही मान वर न करता विचारता, "काय भरलंस रे हे? पिकअप का विहिरीवरची मोटर?"

"आवाज मोठा आला की, मास्तर."

"म्हशीचापण मोठाच असतो. काढ."

मी थोडे वेढे काढले, कथील वितळवून तारेला पुन्हा डाख दिला, पुन्हा वाजवलं. "अजून काढ." सात-आठ वेळा तरी झालं असेल. बाई वायरवरून पाय उचलून जाता जाता म्हणाल्या, "आता माझ्या तव्यालापन एक तार जोडा, म्हंजे भाकरी गात बाहेर येईल." तुम्ही हसलात, पण ऐकणं सोडलं नाही. मेथी संपली, भाकरी संपल्या, आणि एकदा मी वाजवलं तेव्हा तुम्ही हात वर केलात. "थांब. आता बोट लावू नको." मला आधीच्या आणि या आवाजात काही फरक कळला नव्हता. दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो, तेव्हा प्रत्येक स्वर सुटा ऐकू आला.

त्याच कानाला पंधरा वर्षांनी उतार लागला. माणसाला वय झालं की आधी बारीक, चिरके आवाज ऐकू येईनासे होतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुमच्या गिटारला दोन नॉब. पहिल्याने आवाज लहानमोठा होतो. दुसरा बंद केला की आवाजाची धार जाते, गोल खालचा स्वर तेवढा राहतो, आणि उघडला की तारेवर बोट घासलेलंसुद्धा ऐकू येतं. तुम्ही दुसरा नॉब पूर्ण उघडा ठेवू लागलात. तुम्हाला तेव्हा कुठे पुरेसं ऐकू येत असणार. गाणाऱ्या बाया म्हणायच्या, मास्तरांचं लई खडखडतंय, सूर लागत न्हाई. त्या वेळचे पाळक मला म्हणाले, "तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील." तुम्ही मला आठवड्यातून दोनदा घरी बसवून बेस शिकवत होता, आणि तुम्हाला तोंडावर सांगायचं की तुम्हाला ऐकू कमी येतं? मला ते जमेना. शनिवारी दुपारी, गिटारमध्ये घूं असा आवाज येतो असं सांगून ती माझ्या दुकानात नेली. मागचा पत्रा उघडला. आत एक छोटा कंडेन्सर असतो, तो त्या नॉबमार्गे जोडलेला असतो आणि आवाजाची धार खातो. तो मी नॉबला वळसा घालून सरळ जोडून टाकला. म्हणजे नॉब कितीही फिरवा, गिटार कायम बंद नॉबसारखीच वाजणार. दहा मिनिटांचं काम. डाख मोटरीला देतात तसा जाड पडला.

त्या रविवारी बाया खूश झाल्या. पाळकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी खंजिरी घेऊन तुमच्या बाजूलाच बसलो होतो, म्हणून मला तुमचा हात दिसत होता. पहिल्या गाण्यात तुम्ही नॉब उघडा केलात. मग बंद केलात, मग परत उघडा. उपासना सुटल्यावर लिंबाखाली चपला घालता घालता तुम्ही विचारलंत, "नॉब बघितला होतास का?"

"बघितला, मास्तर. चांगला हाय."

"फिरवला की फरक पडतो?"

"पडतो की. लई पडतो."

तुम्ही दुसरी चप्पल घातलीत. "मग माझाच कान गेला," असं म्हणालात, चष्म्याचा नंबर वाढला म्हणतात तसं. पुढचे काही रविवार तुम्ही तो नॉब फिरवून बघत राहिलात. एक दिवस गिटार पिशवीत घालून म्हणालात, "पुढच्या रविवारपासून तू वाजव. मला आता उघडं आणि बंद एकच ऐकू येतं." चर्चच्या मंडळीने माझ्यासाठी नवी गिटार घेतली आणि तुमची तुम्ही घरी नेलीत. एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. मी म्हणालो, "बरं, मास्तर." मला तुमची जागा हवी होती म्हणून गप्प राहिलो का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. तसं नव्हतं असं वाटतं, पण पैज लावणार नाही. पुढे दोन वर्षं तुम्ही मागच्या बाकावर बसायचात. मी घरी भेटायला आलो की तुम्ही अँप्लिफायर जोडून पलंगावर गिटार घेऊन बसलेले असायचात, आणि करंगळी त्या नॉबवर असायची.

परवा शुक्रवारी मी पत्रा उघडला. स्क्रूंना गंज होता, पण माझा डाख तसाच होता, चकचकीत. दहा मिनिटांचं काम काढायला आता एक तास लागला, बोटं वळत नाहीत. कंडेन्सर मूळच्या जागी जोडला, नव्या तारा चढवल्या, अँप्लिफायर लावला आणि नॉब फिरवला. मास्तर, कानाच्या डॉक्टरने मला सांगितलंय की दोन्ही कान निम्म्याच्या वर गेलेत. बायको जेवायला हाक मारते ती शेजाऱ्यांना आधी ऐकू येते. आणि तरी मला फरक ऐकू आला. थोडाच, पण आला. चार-पाच वेळा फिरवून खात्री केली. चाळीस वर्षं मोटरींच्या घरघरीत घालवलेल्या माझ्या कानाला येतो, तर तुमच्या कानाला नक्की आला असता. तुमचा कान तेवढा गेला नव्हता. तुम्ही अजून काही वर्षं वाजवलं असतंत, बाया थोड्या कुरकुरल्या असत्या, एवढंच.

काल दुपारी तुमची नात आली. मी ठरवलं होतं, आली की सांगायचं. मी सुरुवातही केली, "त्या नॉबचं सांगायचं होतं," पण तिने तोवर गिटार अँप्लिफायरला जोडून मांडीवर घेतली होती आणि वाजवायला लागली होती. नॉब उघडा होता. चार स्वर वाजवून ती थांबली. "काका, हा आजोबांचा आवाज नाही."

"मग कसा होता?"

"गोल. ते पलंगावर बसून वाजवायचे आणि मी त्यांच्या पाठीला कान लावून बसायचे. असा टोचायचा नाही. पिकअप गेला का? नवा मागवू?"

मी म्हणालो, मागवू नकोस, दुसरा नॉब पूर्ण बंद कर. तिने बंद केला आणि परत तेच चार स्वर वाजवले. मग बराच वेळ वाजवत राहिली. आत भांडी घासणारी बायको हात तसेच ओले घेऊन दारात येऊन उभी राहिली. पोरीने डोळे पुसले आणि हसली. "हाच. अगदी हाच. म्हणजे आजोबा हा नॉब नेहमी बंद ठेवायचे?"

सांगायची वेळ तीच होती. तिला इतक्या वर्षांनी तुमचा आवाज सापडला होता, आणि तो माझा डाख होता. तोंड उघडलं आणि त्यातून "हो" निघालं. वर आणखी म्हणालो, "त्यांना तसाच आवडायचा."

"मग पिकअप नको, प्रीअँप नको, काहीच नको," ती म्हणाली. "पत्रा तेवढा लावून ठेवा, उद्या उपासनेनंतर नेते." बायकोने चहा केला, तो पिऊन ती गेली. दारातून मला म्हणाली, "तुम्ही होता म्हणून, काका."

आज सकाळपासून हे लिहितोय. बायको चर्चला एकटीच पुढे गेली, माझं पोट बरं नाही असं मी सांगितलंय. गिटार पलंगावर पालथी आहे, पत्रा अजून उघडाच. हा कागद तुम्हाला पाठवायचा कुठे? पण मनात आलं, याची बारीक घडी करून त्या पत्र्याच्या आत ठेवावी. कधीतरी काही बिघडलं की कोणीतरी उघडेल आणि तिच्या हातात देईल. तेव्हा मी नसेन, म्हणजे तिच्याकडे बघावं लागणार नाही. घडी केली. जागा बेताची आहे, पण मावली. मग काढून घेतली. कागद ओल धरतो, आत खरखरेल, नाताळाच्या गाण्यात घूं घूं येईल, असं स्वतःला सांगितलं आणि चारही स्क्रू आवळले. हे शेवटचं घडी उलगडून लिहितोय. कागदाने काहीही होत नाही, मास्तर. आत ठेवून, वर पत्रा धरून, मी वाजवून बघितलं होतं.