जी. के., भारतीय, स्टोअरकीपर

अल कुसैस, दुबई
१२ नोव्हेंबर १९९९

प्रिय ईश्वरी,

तू ऋताला घेऊन सांगलीला गेलीस त्याला चौदा महिने झाले, आणि हे माझं पहिलं पत्र. ‘वेळच मिळाला नाही’ असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. वेळ होता. तोंड नव्हतं.

परवा जुनी डायरी काढली. त्यात ते कात्रण आहे, जेमतेम चार ओळींचं. शारजाच्या औद्योगिक भागातल्या गोदामांत चोरी, दोन दिवसांत छडा, अटकेत ‘जी. के., भारतीय, स्टोअरकीपर’. इथले पेपर नाव छापत नाहीत. आद्याक्षरं आणि देश देतात, उरलेलं आपण भरतो. तुमचे गुणवंतराव तिथेच स्टोअरकीपर, आडनाव कदम, आणि नेमके ते दोन दिवस घरी आलेले नव्हते. कात्रणाखाली माझ्या अक्षरात आहे, ‘गुणवंत कदम?’ शिवानी शेजारी बसली होती. म्हणाली, “बट आई, इट डझन्ट से गुणवंत अंकल.” मी म्हटलं, “तू अभ्यास कर.”

आपण मुंबईत असतो तर हीच बातमी वाचून म्हणालो असतो, ‘धरलं असेल कुणातरी गरिबाला.’ इथे सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, “इथले पोलीस उगाच उचलत नाहीत हं!” का नाही म्हणणार? दोन्हीकडे वाचलं तेच बोललो. तिकडच्या पेपरात पोलीस कायम चुकतात, इकडच्या पेपरात कधीच नाही. आणि सुटून घरी आलेल्या माणसाची बातमी कुठेच येत नाही.

मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या यादीतून तुझं नाव गाळलं गेलं. तू शिऱ्याचं पातेलं घेऊन आलीस आणि झाकणही न उघडता परत नेलंस. तेव्हा मी जिन्यात होते. तुला दिसू नये म्हणून एक मजला वर चढले.

मागच्या महिन्यात गुणवंतराव किराणा दुकानात भेटले. मी विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, जराही न चिडता. चोरी त्यांनीच पोलिसांना कळवली होती. जबाबासाठी पोलिसांनी त्यांना थांबवून घेतलं, तिसऱ्या दिवशी चहा पाजून म्हणाले, “खलास, यल्ला, घरी जा.” तो जी. के. पलीकडच्या गोदामातला. म्हणजे पोलिसांनी दोन दिवसांत सोडलेला माणूस आम्ही सव्वा वर्ष धरून ठेवला.

मंडळाचं पत्रक मीच काढते, तुला ठाऊक आहे. या अंकात हे सगळं छापते म्हटल्यावर अध्यक्ष राजनभाऊ म्हणाले, “वहिनी, जुनं कशाला उकरता? फार तर लिहा, एका सभासदाबद्दल गैरसमज झाला होता.” मी म्हटलं, “गैरसमज आपोआप होत नाही, राजनभाऊ. कुणाला तरी फोन उचलावा लागतो.” कार्यकारिणीतल्या कमलिनीताई म्हणाल्या, “मग संपादक बदलू.” बदला म्हटलं. अंकाच्या प्रती मी काढते, नव्वद दारांत मी टाकते. हा अंक जाणारच.

आता ते, ज्यासाठी लिहायला बसले. तो फोन मी केला होता, ईश्वरी. कमलिनीताईंना, ते कात्रण हातात धरून. डायरीत प्रश्नचिन्ह होतं, हे मी स्वतःला शंभरदा बजावलंय. फोनवर ते नव्हतं. पहिल्या पानाचा मजकूर तयार आहे, त्यात आद्याक्षर एकही नाही. चोरी कळवणारा, गुणवंत कदम. त्याला चोर म्हणणारी, अनुपमा साठे. गुणवंतराव म्हणाले, “माझी हरकत नाही. पण इथून जावं लागलं ते ईश्वरीला, तिला विचारा.” मंडळाची परवानगी मी मागणार नाही. तुझी मागतेय. ‘छाप’ किंवा ‘नको’, एवढंच कळव. ‘नको’ म्हणालीस तर तुमचं नाव काढीन. माझं मात्र पूर्ण राहील.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
अनुपमा