आठव्या दिवशी फाटकासमोर

चिमणे,

पहिल्याच फोनवर तू रडलीस, "आई, मला इथून घेऊन जा." बाबांनी फोन माझ्या हातून घेतला. "आठ दिवस काढ. मग मी स्वतः न्यायला येतो." सैनिकी अकादमीत गेलेल्या पोरीला असं सांगतात होय, म्हणून मी चिडले.

आठव्या दिवशी बसची ड्यूटी सोडून, रजा टाकून ते खरंच निघाले. दुपारी तुझा फोन आला, "बाबांना म्हणावं, येऊ नका. मी आज भिंत चढले!" तोवर ते तुमच्या फाटकासमोर पोचले होते.

मी कळवलं, तर म्हणाले, "लांबून बघून परततो." तुमची तुकडी धावत गेली. कापलेल्या केसांत तू ओळखू येईनास. मग त्यांनी सगळ्याच पोरींना हात केला.

हे तुला कळवायचं नाही, अशी शपथ घातलीय त्यांनी.

तुझी,
आई