बिनआवाजाचा प्रिंटर

६ जानेवारी १९९६, लातूर
नवा इंकजेट प्रिंटर दुकानात आला. खरी किंमत अशी: जुना डॉट मॅट्रिक्स समोरच्या सरदारभाईंना देऊन टाकावा लागला, हैदराबादच्या एसटीत खोकं मांडीवर धरून कंबर गेली, आणि बायकोनं, चंद्रप्रभानं, बोलणं टाकलंय. शेवटची बाब फायद्यात धरली.

७ जानेवारी
क्लासवाले सर आले. मेरिटच्या पोरांची रंगीत जाहिरात बघून खूश. सरदारभाई दारातूनच म्हणाले, जनाब, चालू हाय का बंद? म्हटलं, भाई, आपल्या मशीननं कागदाला धक्कासुद्धा लागत नाही. जुना सुया ठोकत बसायचा, टेबल हलायचं. भूकंपातून वाचलेली माणसं दचकून रस्त्यावर पळायची. खरं तर हे मशीन मी त्यांच्यासाठीच घेतलं.

१२ जानेवारी
औशाकडच्या पार्वतम्मा आल्या. नवरा, लेक, सून ढिगाऱ्यात गेले. नातीला घेऊन पत्र्याच्या शेडात राहतात. घराचा अर्ज, सोमवारी शेवटची तारीख. तीन प्रतींचा संच, मधे कार्बन. मशीन चालू झालं तरी जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, ह्ये लई बरं हाय बाबा, गदगदत न्हाई. डोळ्यांत पाणी आलं. माझ्या.
जाड संच आत जाईना. हातानं ढकलला, गेला. अनुभव लागतो. वरची प्रत लग्नपत्रिकेसारखी देखणी. खालचा कोपरा उचलून तिन्हींवर अंगठा घेतला. पैसे घेतले नाहीत. हे कुणाला सांगायचं नाही, असा निश्चय.

१३ जानेवारी
सरांना सांगितलं. ओघात निघालं.

२ फेब्रुवारी
तहसीलचे शेषेराव चौकात भेटले. म्हणाले, मालक, तुमच्या दुकानचा अर्ज कोराच आला की हो. वरची प्रत मुंबईला गेली, आम्ही मधलीवरून यादी करून राहिलो. म्हटलं, कार्बन भिकार असेल. सरकारी माल.

३ फेब्रुवारी
समोर जुनं मशीन किरकिरतंय. माझे कान तिखट, अक्षर न् अक्षर ओळखतो. प्रत्येक सुईचा ठोका कार्बनमधून खालच्या कागदावर उतरतो. नवं मशीन ठोकतच नाही, वरून शाई शिंपडतं. मला हे माहीत होतं. पाच वर्षं त्या ठोक्यावर जेवलो.
पण तिसरी प्रत पार्वतम्मांकडं आहे. तिच्यावर तरी अक्षरं उठली असतील. मी संच जरा जोरात ढकलला होता.

११ फेब्रुवारी
यादी लागली. नाव नाही. तारीख केव्हाच गेली. शेडात गेलो. प्रत पिठाच्या डब्यात, घडी तशीच. म्हणाल्या, वाच की बाबा, नातीचं नाव नीट लिवलंस न्हवं?
उघडली. रकाने सगळे कोरे. खाली त्यांचा अंगठा आहे.